एका क्रियाविशेषणाचा वचनभंग

शेक्सपीअरच्या 'चौथा हेन्री' या नाटकाच्या पहिल्या भागात फ्रान्सिस नावाचा एक पोऱ्या आहे. लंडनमधील ईस्टचीप भागातल्या एका मद्यगृहात तो उमेदवारी करतो. गिऱ्हाइकाने हाक मारली की ओ द्यायची, पेला भरून न्यायचा आणि हिशेब सांगायचा, एवढाच त्याचा संसार. दुसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात राजपुत्र हॅल त्याची थट्टा करतो. आपल्या पॉइन्स नावाच्या मित्राला तो शेजारच्या खोलीत उभा करतो, आणि मी या पोराशी बोलत असताना तू तिकडून त्याला सारख्या हाका मारीत राहा, असे सांगून ठेवतो. मग प्रश्न सुरू होतात. उमेदवारीची किती वर्षे राहिली? पाच. करार मोडून पळून जाण्याची छाती आहे का? वय काय तुझे? उत्तर ओठांवर येते न येते तोच पलीकडून हाक येते, आणि प्रत्येक हाकेला फ्रान्सिसच्या तोंडून एकच शब्द निघतो : 'अनॉन!' कधी एकदा, कधी लागोपाठ दोनदा. शेवटी दोघेही एकदमच हाका मारू लागतात, आणि कोणीकडे जावे हे न कळून तो बिचारा मधल्यामध्ये खिळून उभा राहतो. इतक्यात मालक येतो आणि एवढ्या हाका ऐकूनही तू ढिम्म उभा कसा, म्हणून त्याला खडसावतो.

अनेक वाचकांना हा प्रवेश पोरकट वाटतो. एका गरीब पोराची राजपुत्राने केलेली ही चेष्टा, तीही जरा लांबलेली. विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या आवृत्त्यांतून 'अनॉन' या शब्दाला 'लवकरच' अशी टीप दिली, की संपादकाचे आणि वाचकाचेही कर्तव्य संपते. मला मात्र असे वाटते, की या टिपेनेच तो प्रवेश मारला आहे. 'अनॉन' म्हणजे 'लवकरच' खरे. पण 'अनॉन' म्हणजे 'लवकरच' नव्हे, हेही तितकेच खरे. हा शब्द काय सांगण्यासाठी जन्माला आला आणि काय सांगत मेला, हे पाहिल्याशिवाय फ्रान्सिसची ओढाताण आपल्याला कळणार नाही. आणि फ्रान्सिस कळला नाही तर राजपुत्रही पुरता कळणार नाही.

जुन्या इंग्रजीत 'आन' म्हणजे एक. आजचा 'वन' हा त्याचाच वंशज. 'अ' आणि 'ॲन' ही उपपदे त्याचीच झिजलेली रूपे. 'अलोन' म्हणजे सर्वस्वी एक, 'अटोन' म्हणजे दुभंगलेले 'ॲट वन' करणे, पुन्हा एक करणे. या साऱ्यांच्या पोटात तोच 'एक' दडून बसला आहे. त्या 'आन'च्या मागे 'ऑन' हे अव्यय लागले आणि 'ऑन आन' असा प्रयोग रूढ झाला : एकात, एका ओळीत, मध्ये खंड न पडता. वाटेत न थांबता सरळ जाणे हा त्यातला भाव. जे स्थळाच्या बाबतीत तेच पुढे काळाच्या बाबतीत झाले. हुकूम आणि त्याची अंमलबजावणी यांच्यामध्ये क्षणाचीही फट नाही, दोन्ही मिळून एकच गोष्ट, असा 'अनॉन'चा अर्थ ठरला. तत्काळ म्हणजे तत्काळ! चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने 'कँटरबरी टेल्स'ची प्रस्तावना लिहिली. तिच्या शेवटी यात्रेकरू चिठ्ठ्या टाकतात, सरदाराची चिठ्ठी निघते, आणि तो 'अनॉन' आपली कथा सांगू लागतो. तेथे चिठ्ठी निघणे आणि कथा सुरू होणे यांत दमही घेतलेला नाही.

पुढे शब्द उताराला लागला. सोळाव्या शतकात 'अनॉन'चा अर्थ 'लवकरच', 'थोड्या वेळाने' असा होऊ लागल्याचे दिसते. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाचा जो पहिलाच भाग १८८४ साली जेम्स मरे यांच्या संपादकत्वाखाली निघाला, त्यातच हा शब्द येतो. कोश अर्थांची उतरंड लावून देतो. पण ती उतरंडच का लागली आणि उलट चढण का नाही, हे सांगणे कोशाचे काम नव्हे.

हे स्थित्यंतर किती फसवे आहे, हे बायबलच्या १६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात पाहावे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, बी पेरणाऱ्याचा दृष्टांत आहे. खडकाळ जमिनीवर पडलेले बी म्हणजे कोण? जो वचन ऐकताच आनंदाने ते स्वीकारतो, आणि छळ होऊ लागताच लगोलग ढळतो, तो माणूस. मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी एकच शब्द आहे. त्याचा धात्वर्थ 'सरळ' आणि व्यवहारातला अर्थ 'तत्क्षणी'. भाषांतरकारांनी पहिल्या ठिकाणी 'अनॉन' घातला आणि लगतच्याच वचनात 'बाय अँड बाय'. त्यांच्या दृष्टीने दोन्हींत तातडी होती. दृष्टांताचे मर्मही त्यातच आहे : ज्याचा स्वीकार झटपट, त्याचे ढळणेही झटपट. आजच्या इंग्रज वाचकाला मात्र हा माणूस थोड्या वेळाने आनंदित होणारा आणि यथावकाश ढळणारा असा मोठा सावकाश गृहस्थ वाटेल! दृष्टांताचे बी खडकावर पडले ते असे.

मार्काच्या सहाव्या अध्यायातला प्रसंग तर अंगावर काटा आणणारा आहे. हेरोदापुढे नाचलेली मुलगी आईच्या सांगण्यावरून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर तबकात घालून मागते, आणि तेही आत्ताच्या आत्ता. १६११च्या भाषांतरात तिच्या तोंडी 'बाय अँड बाय' आहे. म्हणजे आजच्या अर्थाने, 'सवडीने द्या, घाई नाही'! १८८१ साली नव्या कराराची सुधारलेली आवृत्ती निघाली, तेव्हा पंडितांनी हे शब्द बदलून 'फोर्थविथ', 'स्ट्रेटवे' असे घातले. पावणेतीनशे वर्षांत शब्द जागचा हलला नव्हता. त्याच्याखालची जमीन सरकली होती.

सी. एस. लुइस यांनी १९६० सालच्या आपल्या 'स्टडीज इन वर्ड्स' या ग्रंथात अशा अर्थांना मोठे समर्पक नाव दिले आहे : धोक्याचा अर्थ. जो शब्द मुळीच ओळखीचा नाही तो वाचकाला फसवीत नाही. त्याच्यासाठी आपण कोश उघडतो. फसवतो तो ओळखीचा शब्द. त्याचा आपल्या काळातला अर्थ आपल्या मनात इतका वर तरंगत असतो, की जुन्या वाक्यातही तोच बसून जातो आणि वाक्य वरवर बरेही लागते. 'अनॉन'ची 'लवकरच' ही टीप अशीच वरवर बरी लागणारी आहे.

आणि हे 'अनॉन'पुरतेच नाही. आज ज्या 'सून'चा अर्थ आपण 'लवकर' असा करतो, तो जुन्या इंग्रजीत 'तत्क्षणी' असा होता. 'प्रेझेंटली'चेही तेच. 'टेम्पेस्ट' नाटकात प्रॉस्परो एरिअलला भुतांचा खेळ दाखवायला सांगतो, तेव्हा एरिअल विचारतो, 'प्रेझेंटली?' आणि उत्तर मिळते, की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच. आज इंग्लंडात 'प्रेझेंटली' म्हणजे 'येईलच एवढ्यात', आणि अमेरिकेत व स्कॉटलंडात 'सध्या'. 'डायरेक्टली' म्हणजे सरळ, तडक. पण कॉर्नवॉलच्या बोलीत त्याचे 'ड्रेक्ली' झाले, आणि त्यात कसलीच तातडी उरली नाही. दक्षिण आफ्रिकेतला इंग्रजी बोलणारा 'जस्ट नाऊ' म्हणाला, तर पाहुण्याने खुशाल खुर्ची ओढून बसावे. फ्रेंचमध्ये मोल्येरच्या काळी जो प्रयोग 'या घटकेला' अशा अर्थी चाले, तोच आज 'थोड्या वेळाने' असे सांगतो. जर्मनमधला 'बाल्ट' तर मूळचा 'धीटपणे'. तो 'झटकन' झाला आणि आता 'लवकरच' होऊन बसला आहे.

गुस्टाफ स्टर्न या स्वीडिश भाषाशास्त्रज्ञाने १९२१ साली इंग्रजीतल्या 'वेगाने' या अर्थाच्या क्रियाविशेषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याला असे आढळले, की १३०० सालापूर्वी अशा शब्दांना 'तत्काळ' हा अर्थ येत गेला, आणि १४०० नंतर या अर्थाच्या नव्या शब्दांना तो येईनासा झाला. म्हणजे 'तत्काळ'पर्यंत वर चढण्याचा एक जिना एका काळी उघडा होता आणि मग बंद झाला. तेथून 'थोड्या वेळाने'पर्यंत खाली उतरण्याचा जिना मात्र आजही उघडाच आहे.

याचे कारण काय? माणूस आळशी, तो 'आत्ता' म्हणतो आणि नंतर करतो, म्हणून शब्दही आळसावतात, असे एक उत्तर नेहमी दिले जाते. ते खोटे नाही. पण अर्धे आहे. बोलणारा आळशी असला तरी त्याला अभिप्रेत असलेला अर्थ 'आत्ता' हाच असतो. फ्रान्सिस खोटे बोलत नाही. त्याला खरोखरच जायचे असते. शब्दाचा अर्थ बदलतो तो ऐकणाऱ्याकडून. लहान मूल 'अनॉन' हा शब्द कसा शिकते? त्याला कोणी व्याख्या सांगत नाही. शब्द कानी पडल्यापासून प्रत्यक्ष कृती होईपर्यंत जो वेळ जातो, तो त्याच्या मनात शब्दाच्या खात्यावर जमा होतो. आईच्या तोंडून तो शब्द शंभरदा ऐकून शंभरदा जरा जरा ताटकळल्यावर, त्या मुलाच्या दृष्टीने त्या शब्दाचा अर्थ 'जरा ताटकळ' हाच असतो, आणि ते मोठे होऊन त्याच अर्थाने तो वापरू लागते. बोलणाऱ्याच्या हेतूने नव्हे, ऐकणाऱ्याच्या अनुभवाने अर्थ ठरतो. 'काल', 'उद्या', 'सकाळी' हे शब्द सहसा असे ढळत नाहीत, कारण त्यांना सूर्य साक्षी असतो. 'तत्काळ' या अर्थाच्या शब्दांना साक्षी कोणी नाही. ते केवळ वचने असतात. पाळली न गेलेली वचने जशी माणसाची पत घालवतात, तशीच ती शब्दाचीही घालवतात. एका शब्दाची पत गेली की दुसरा उभा करावा लागतो. 'अनॉन' ढळल्यावर इंग्रजीने जो 'ॲट वन्स' हाताशी धरला, त्यातला 'वन्स' हाही त्याच 'आन'च्या, त्याच 'एका'च्या वंशातला आहे. पडलेल्या घराच्याच विटांनी नवे घर बांधावे, तसेच हे.

आता मद्यगृहात परत जाऊ. 'चौथा हेन्री'चा पहिला भाग १५९८ साली छापला गेला. 'अनॉन' हा शब्द त्या वेळी नेमका उंबरठ्यावर उभा होता. त्याची जुनी तातडी मेलेली नव्हती आणि नवी दिरंगाई रुळू लागली होती. शेक्सपीअरने या दोन्ही अर्थांना एकाच शब्दात झुंजवले आहे. फ्रान्सिसने प्रेमाने राजपुत्राच्या हाती एक पेनीची साखर ठेवलेली असते. तिच्या बदल्यात राजपुत्र त्याला १००० पौंड देऊ करतो. केव्हाही माग, मिळतील म्हणतो. नेमकी त्याच क्षणी पलीकडून हाक येते आणि फ्रान्सिस सवयीने म्हणतो, 'अनॉन'. राजपुत्र तो शब्द मधल्यामध्ये झेलतो आणि आपल्याच बोलण्याचे उत्तर म्हणून घेतो. आत्ताच पाहिजेत होय? आत्ता नाही, उद्या, गुरुवारी, नाही तर वाटेल तेव्हा, असे तो त्याला ऐकवतो. पोऱ्याच्या तोंडी जो शब्द 'जरा थांबा' असा होता, तोच राजपुत्राच्या कानी 'या क्षणी' असा पडतो. 'अनॉन'ची टीप 'लवकरच' अशी केली की राजपुत्राचा हा डाव कळत नाही. 'ताबडतोब' अशी केली की पोऱ्याची केविलवाणी अवस्था कळत नाही.

कोणी म्हणेल, एका पोऱ्याच्या चेष्टेवर हा फार मोठा डोलारा उभारला जात आहे. तसे असते तर शेक्सपीअरने पुढचे भाषण लिहिले नसते. फ्रान्सिसचा प्रवेश संपतो न संपतो तोच हॅलला आठवण होते ती उत्तरेकडच्या हॉटस्परची, न्याहारीपूर्वी डझनावारी माणसे मारणाऱ्या त्याच्या प्रतिस्पर्ध्याची. हॉटस्परच्या कोशात 'अनॉन'चा दुसरा अर्थच नाही. श्रूझबरीच्या रणांगणावर कुमक आलेली नसते, घोडे थकलेले असतात, सोबती थांब म्हणतात. हा त्याच रात्री लढायला निघतो, आणि त्याच लढाईत मरतो. दुसऱ्या टोकाला फॉलस्टाफ. आपण पश्चात्ताप करणार आणि तोही लगेच करणार, असे तो एकदा मोठ्या गांभीर्याने म्हणतो. तो पश्चात्ताप नाटकाच्या दोन्ही भागांत येत नाही. या दोघांच्या मध्ये हॅल. फ्रान्सिसप्रमाणे त्यालाही दोन खोल्यांतून हाका येत आहेत : एक मद्यगृहातून, दुसरी राजवाड्यातून. याच प्रवेशात बापाकडून सर जॉन ब्रेसी निरोप घेऊन येतो, की सकाळी दरबारात हजर व्हावे. आपण ही संगत सोडणार आहोत, पण आज नव्हे, असे हॅलने पहिल्याच अंकात प्रेक्षकांना सांगून ठेवलेले आहे. म्हणजे त्याचे सारे तारुण्य हाच एक लांबलेला 'अनॉन' आहे. फ्रान्सिस आणि हॅल यांच्यातले हे साम्य इंग्रज टीकाकारांनीही ताडले आहे. मला एवढेच म्हणायचे आहे, की ते साम्य प्रसंगात आहे त्याहून अधिक त्या एका शब्दाच्या दुटप्पीपणात आहे. फ्रान्सिसच्या तोंडी तो लाचारीने येतो, हॅल तो हिशेबाने जगतो.

दुसऱ्या भागात शेक्सपीअर हा धागा विसरत नाही. तेथे हॅल आणि पॉइन्स पोऱ्यांचा वेष घेऊन लपून बसतात. फॉलस्टाफ फ्रान्सिसला हाक मारून मद्य मागतो, आणि फ्रान्सिसचा तो शब्द उच्चारीत राजपुत्रच पुढे येतो. थट्टा करणाराच आता ओ देतो आहे. फॉलस्टाफची हाक त्याने ऐकून घेतली ती अशी शेवटचीच. राज्याभिषेकानंतर भर रस्त्यात म्हातारा त्याला पुन्हा हाक मारतो, तेव्हा राजाच्या तोंडी 'अनॉन' नाही. स्पष्ट नकार आहे. तरीही म्हातारा सोबत्यांची समजूत घालतो, की आज रात्री मला बोलावणे येईल, आणि त्या वाक्यात तो कोणता शब्द वापरतो? 'सून'! त्याचे ते वाक्य संपताच मुख्य न्यायाधीश येतो आणि त्याला फ्लीटच्या तुरुंगात नेण्याचा हुकूम देतो. तो हुकूम मात्र तत्काळ अमलात येतो.

एकदा हे ध्यानात आले, की शेक्सपीअरच्या इतर नाटकांतली ही क्रियाविशेषणेही जागी होतात. सज्ज्यात उभी असलेली ज्युलिएट आतून हाका मारणाऱ्या दाईला एकदा 'अनॉन' म्हणते, एकदा 'बाय अँड बाय' म्हणते, आणि प्रत्येक वेळी रोमिओजवळ आणखी थोडा वेळ रेंगाळते. 'मॅक्बेथ'मधला द्वारपाल ठोठावणाऱ्यांना 'अनॉन' म्हणत रखडवतो. त्याच्या त्या विनोदी दिरंगाईमागे आत राजा मरून पडलेला आहे. आणि हॅम्लेट! आईकडे 'बाय अँड बाय' येतो असे तो पोलोनियसला सांगतो, आणि लगेच स्वतःशी म्हटल्यासारखा शेरा मारतो, की हे म्हणणे सोपे असते. इंग्रजी रंगभूमीवरच्या सर्वांत प्रसिद्ध दीर्घसूत्री माणसाने त्या शब्दावर दिलेला हा निकाल आहे.

मराठी भाषांतरकारापुढे हा शब्द आला तर त्याने काय करावे? 'लवकरच' लिहिले तर घात झाला. कोणत्याही खानावळीतला पोऱ्या हाकेला 'लवकरच' असे उत्तर देत नाही. तो म्हणतो, 'आलो, साहेब!' आणि मराठीची मौज अशी, की हे न आलेला माणूस भूतकाळात म्हणतो. जे अद्याप हाती आलेले नाही त्याची इच्छा व्यक्त करताना भविष्यासाठी भूतकाळाचे रूप योजता येते, असे पाणिनीनेही 'अष्टाध्यायी'च्या तिसऱ्या अध्यायात नमूद करून ठेवले आहे. इंग्रजाने जो भार क्रियाविशेषणावर टाकला तो आपण क्रियापदावर टाकला, एवढेच. ज्युलिएटच्या तोंडी 'आलेच हं' चपखल बसेल. पण फ्रान्सिसला 'आलो' पुरणार नाही, कारण राजपुत्राला झेलायला काळाचा शब्द हवा. तेथे 'आत्ता' उपयोगी पडेल. 'आत्ता गेला' म्हणजे होऊन गेलेले, 'आत्ता आहे' म्हणजे चालू, आणि 'आत्ता येतो' म्हणजे किती वेळाने, हे येणाराच जाणे. फ्रान्सिसने 'आत्ता आलो!' म्हणावे आणि हॅलने 'आत्ता? आत्ता नाही मिळायचे' असे म्हणून तो शब्द उचलावा. विनोद जिवंत राहील. आपलाही शब्द आज तशाच उंबरठ्यावर उभा आहे, म्हणून हे शक्य आहे. संस्कृतातल्या 'सद्यः'मधली त्याच दिवशीची, तत्क्षणीची निकड मराठीतल्या 'सद्यःस्थिती'त उरलेली नाही, हेही या ठिकाणी आठवावे.

'अनॉन'चे पुढे काय झाले? १६६७ साली मिल्टनच्या महाकाव्यात सैतानाचा प्रासाद 'अनॉन' जमिनीतून वर येतो. पुढे कवींनी आणि ऐतिहासिक कादंबरीकारांनी जुनेपणाचा रंग देण्यासाठी तो वापरला. 'एव्हर अँड अनॉन' या जोडशब्दात 'मधूनमधून' अशा अर्थाने तो टिकून राहिला. आता एखादा हौशी इंग्रज पत्राच्या शेवटी, 'अधिक पुढे कधी तरी' अशा भावाने, थट्टेने तो लिहितो. कवितासंग्रहांत अज्ञात कवीच्या जागी 'अनॉन' छापलेले दिसते ते 'अनॉनिमस'चे संक्षिप्त रूप. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

शब्द मेला, असे आपण म्हणतो. पण आज त्या शब्दाच्या भरवशावर कोठेही कोणी ताटकळत बसलेला नाही. जोवर तो चलनात होता तोवर तो रोज थोडा थोडा वचनभंग करीत होता. आज त्याच्याकडून कोणाला काहीच येणे राहिलेले नाही. ते देणे आता 'ॲट वन्स'च्या आणि आपल्या 'आत्ता'च्या डोक्यावर आहे, आणि ते कसे फेडले जाते हे आपल्या भाषणापेक्षा आपल्या वागण्यावर अवलंबून राहील.